वायफाय कार्ड: कर्नलमधला ड्रायव्हर की बाहेरून बांधलेला?

लिनक्सवर वायफाय कार्ड चालू करताना पहिला प्रश्न ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) कोठून घ्यायचा हा असतो. इंटेलच्या बहुतेक कार्डांचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, असतो. त्याला फक्त फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल लागते आणि ती सापडली नाही, तर कर्नलच्या नोंदींत त्या फाइलचे नाव घेऊन तशी तक्रार दिसते. फर्मवेअरचे पॅकेज टाकून संगणक पुन्हा सुरू केला की काम भागते.

रिअलटेकची चिप असलेल्या अनेक यूएसबी अडॅप्टरांचे तसे नाही. त्यांचा ड्रायव्हर पुष्कळदा बाहेरून आणून, कर्नलच्या हेडर फाइली (बांधणीला लागणारी कर्नलची माहिती) घालून, स्वतः कंपाइल करावा, म्हणजे मूळ कोडपासून बांधावा लागतो. ‘डीकेएमएस’ हे त्यासाठीचे साधन वापरल्यास कर्नल बदलल्यावर तो आपोआप पुन्हा बांधला जातो खरा. पण नव्या कर्नलची अंतर्गत रचना बदललेली असली, तर ही बांधणी मध्येच अडते आणि दुरुस्ती शोधायला लागणारे इंटरनेट नेमके तेव्हाच गेलेले असते. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल, तर बांधलेल्या ड्रायव्हरच्या मॉड्यूलवर डिजिटल सही करून तिची किल्ली नोंदवण्याचा खटाटोप वेगळाच.

२०२३ मधल्या ६.२ कर्नलपासून रिअलटेकच्या ८८२२बीयू, ८८२१सीयू यांसारख्या चिपांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आला असल्याने, बाहेरचा ड्रायव्हर बांधण्याआधी नवा कर्नल वापरून पाहणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.