न बदललेला फ्युएल पंप आणि माझे 28,650 रुपये

घाटाचा चढ अर्धा झाला होता आणि गाडी एकही आचका न देता बंद पडली. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, स्टीअरिंग जड झाले आणि दोनदा ब्रेक मारल्यावर पॅडल दगडासारखे घट्ट झाले. मागून भरलेला ट्रक हॉर्न वाजवत येत होता आणि मागच्या सीटवर माझी आई व मुलगी बसल्या होत्या. उरलेल्या वेगावर मी गाडी कशीबशी कडेला घेतली. पंधरा मिनिटांनी तीच गाडी काहीच न घडल्यासारखी सुरू झाली. आठ दिवसांतली ही तिसरी वेळ होती. हे एवढ्यासाठी लिहितो की, मी गॅरेजमध्ये कोणत्या मनःस्थितीत गेलो ते समजावे. घाबरलेला माणूस घासाघीस करत नाही, आणि समोरच्याला ते बरोबर कळते.

"साहेब, स्कॅनरवर पंप गेलेला दाखवतोय," असे गॅरेजवाल्याने सांगितले. स्कॅनर म्हणजे गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र. स्कॅनर असे काहीही दाखवत नाही, हे आज मला माहीत आहे. त्यावर आलेला पी0087 हा कोड रेलमधला, म्हणजे इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या नळीतला, इंधनाचा दाब कमी आहे एवढेच सांगतो. हा दाब पंपामुळे, तुंबलेल्या फिल्टरमुळे, प्रेशर रेग्युलेटरमुळे, सैल वायरिंगमुळे किंवा पंपाला वीज देणाऱ्या रिलेमुळे (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचमुळे) देखील कमी होऊ शकतो. त्यातले नेमके कोणते, हे ठरवायला प्रेशर गेज, म्हणजे दाब मोजणारा मीटर, लावावा लागतो. माझ्या गाडीला गेज लावलाच नाही. कोणी कोडच्या भरवशावर पंप बदलायला सांगत असेल, तर गेजवरचे रीडिंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

पंप असेंब्ली (पंपाचा अख्खा संच) 16,800, इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग) सफाई 4,200, फिल्टर 1,850, टाकीची सफाई 2,400 आणि मजुरी 3,400, असे एकूण 28,650 रुपये मी दिले. पक्के बिल घेतल्यास कर वाढेल, असे त्याने सांगितल्यामुळे मी कच्च्या कागदावर समाधान मानले. ही माझी चूक आहे आणि ती मी लपवत नाही. पण महिनाअखेरीला एवढी रक्कम उभी करणाऱ्या माणसाने चार पैसे वाचवायचा विचार केला, तर तो गुन्हा ठरत नाही. माझ्या गाडीत फिल्टर पंपाच्या असेंब्लीतच असतो, म्हणजे त्याचे 1,850 रुपये वेगळे लावणे हीच लबाडी होती, हे मला नंतर कळले.

मात्र ज्या क्षणाची मला आजही चीड येते, तो गाडी ताब्यात घेतानाचा आहे. या गाडीचा पंप टाकीत असतो आणि त्याच्यापर्यंत पोहोचायला मागची सीट उचलावी लागते. माझ्या मुलीची पिवळी पेन्सिल त्या सीटच्या फटीत आदल्या आठवड्यापासून उभी खोचलेली होती. गाडी घेतली तेव्हाही ती तशीच, त्याच कोनात उभी होती. मी ती पाहिली. हरवली नाही म्हणून मला बरेसुद्धा वाटले. टाकी साफ केली म्हणतात, तर पेट्रोलचा काटा तसूभरही हललेला नव्हता आणि आत पेट्रोलचा जराही वास नव्हता. तीन खुणा समोर असताना मी चावी घेऊन निघालो. जुना पंप मागितला तेव्हा "भंगारात गेला" असे उत्तर मिळाले. काम सुरू होण्यापूर्वीच जुना भाग परत हवा असे लिहून घ्या. नंतर मागून तो कधीच मिळत नाही.

नवव्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली. दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन तापून बंद पडेपर्यंत वाट पाहिली, मग चावी फिरवून मागच्या सीटला कान लावला. चावी फिरवल्यावर पंपाचा दोनेक सेकंद घुंईऽऽ असा आवाज यायला हवा. तो आला नाही. त्याने हॉर्नचा त्याच क्रमांकाचा रिले काढून पंपाच्या जागी बसवला आणि गाडी लगेच सुरू झाली. नवा रिले 420 रुपयांना मिळाला. नंतर त्याने सीट उचलली. पंपाच्या झाकणावर धुळीचा सलग थर होता, स्क्रूच्या खाचाही मातीने भरलेल्या होत्या, आणि आतल्या पंपावर गाडी बनली त्या वर्षाचाच शिक्का होता.

पोलीस ठाण्यात दोन तास बसवून घेतल्यावर "हा दिवाणी मामला आहे" असे सांगण्यात आले. घाटात तीन जीव जाता जाता वाचले, पंप बदलला असे खोटे सांगून त्याच अवस्थेत गाडी परत दिली, आणि हा दिवाणी मामला! ज्या कार्यालयात पाठवले, तिथे पक्के बिल मागितले. कच्चा कागद चालत नाही, दुसऱ्या मेकॅनिकने काढलेला धुळीचा व्हिडिओ चालतो की नाही हे साहेब आल्यावर कळेल, आणि साहेब दौऱ्यावर. चौथ्या खेपेला माझा अर्जच सापडेना. पुन्हा तीन प्रती काढून दिल्या. पोच मागितल्यावर कारकून माझ्यावरच खेकसला. कुठल्याही अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

झाकण उघडण्यापूर्वी मेकॅनिकने धुळीचा व्हिडिओ काढला होता, तो मी अर्जासोबत दिला आहे. कालपर्यंत तो कोणीही उघडून पाहिलेला नव्हता.