रक्तवाहिन्यांच्या तयार स्लाइड्सचा सेट: घेण्यासारखा आहे, फक्त महाधमनीची स्लाइड वेगळी मागवा

कॉलेजात बायोलॉजी शिकणाऱ्यांसाठी किंवा घरी मायक्रोस्कोप असणाऱ्यांसाठी रक्ताभिसरणाच्या तयार स्लाइड्सचा जो सेट मिळतो त्याबद्दल लिहितोय. धमनी, शिरा, महाधमनी, बेडकाचं हृदय, गांडूळ, झुरळ आणि रक्ताचे दोन स्मिअर (काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून केलेल्या स्लाइड्स) असं सगळं एका डबीत येतं.

सगळ्यात भारी स्लाइड धमनी-शिरा जोडीची. दोन्ही एकाच काचेवर शेजारी शेजारी आहेत आणि निम्मे पैसे इथेच वसूल होतात असं माझं मत. धमनीची भिंत जाड आणि शिरेची पातळ हे सगळे पाठ करतात पण इथे ते डोळ्यांनी दिसतं. धमनी गोल, मधला थर अरेखित स्नायूंचा आणि चांगला जाडजूड, आणि आतल्या अस्तराला लागून एक चकचकीत गुलाबी नागमोडी रेघ, तो लवचिक पडदा, प्राणी जिवंत असताना रक्ताच्या दाबाने ताणलेला असतो, दाब गेला की आकसतो म्हणून असा नागमोडी दिसतो. शिरा बाजूला चपटी पडलेली, पोकळी मोठी, मधला थर नावापुरता, उलट बाहेरचा थरच जास्त जाड. ही स्लाइड घाईत बघू नका, आधी १०च्या ऑब्जेक्टिव्हने दोन्ही एकत्र बघा मगच ४० लावा.

आता तक्रार. महाधमनीची स्लाइड पण नेहमीच्याच हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने (जांभळा-गुलाबी अशी नेहमीची रंगजोडी) रंगवलीय आणि तिथे ती रंगजोडी चालत नाही. हृदय आकुंचन पावलं की महाधमनी फुगते, मग परत आकसून रक्त पुढे ढकलते, त्यामुळे दोन ठोक्यांच्या मधेही प्रवाह थांबत नाही, आणि हे सगळं काम तिच्या भिंतीतल्या लवचिक थरांचं. या रंगात ते थर आणि स्नायू दोन्ही गुलाबीच, वेगळे काढता काढता डोळे दुखतात. व्हरहॉफ स्टेन (लवचिक तंतू काळे रंगवणारी पद्धत) केला असता तर तेच थर काळ्या रेघांसारखे एकावर एक स्वच्छ दिसले असते. बाहेरच्या थरात नीट शोधलं तर भिंतीलाच रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या सापडतात, तेवढं मात्र मस्त आहे.

केशिकांची, म्हणजे धमनी आणि शिरा जोडणाऱ्या सगळ्यात बारीक वाहिन्यांची, वेगळी स्लाइड नाही. धमनीच्या आसपासच्या ऊतीत शोधाव्या लागतात, ४०ने, धीर धरून. भिंत म्हणजे पेशींचा एकच थर, व्यास साधारण ५ ते १० मायक्रॉन, आणि तांबडी पेशी स्वतःच ७-८ मायक्रॉनची, म्हणजे एकामागे एक रांगेतच जाणार. इंग्लिश डॉक्टर विल्यम हार्वेने १६२८ मध्ये रक्त फिरतं हे मांडलं तेव्हा त्याला या दिसल्याच नव्हत्या, १६६१ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात बघितल्या तेव्हा धमनी ते शिरा ही साखळी जुळली. इतक्या महत्त्वाच्या गोष्टीला सेटमध्ये एक काच द्यायला काय हरकत होती?

स्मिअर दोन्ही छान. बेडकाच्या तांबड्या पेशी लांबट, मोठ्या आणि केंद्रक असलेल्या, माणसाच्या गोल आणि बिनकेंद्रकाच्या, फरक एका नजरेत कळतो. बेडकाच्या हृदयात निलय (रक्त बाहेर ढकलणारा कप्पा) एकच आणि आतून स्पंजसारखा जाळीदार, शरीराकडून आणि फुप्फुसांकडून आलेलं रक्त पूर्ण मिसळत नाही त्यात या जाळीचाही वाटा असतो. ठीक स्लाइड आहे.

झुरळाच्या छेदाबद्दल सोबतच्या माहितीपत्रकात दोन ओळी तरी हव्या होत्या. नवखा माणूस त्यात धमन्या-शिरा शोधत बसेल आणि स्लाइड खराब आहे असं समजेल. झुरळात रक्ताभिसरण खुलं असतं, पाठीकडे हृदयाची नळी, बाकी हिमोलिम्फ (झुरळाचं रक्त) सरळ देहगुहेत अवयवांभोवती फिरतं, ऑक्सिजन श्वासनलिकांतून थेट पेशींपर्यंत जातो. तेच गांडुळाच्या छेदात आतड्याच्या वर एक आणि खाली एक अशा वाहिन्या दिसतात, बंद अभिसरण, म्हणजे रक्त वाहिन्यांतच राहतं. या दोन काचा लागोपाठ लावून बघा, खरी मजा त्यात आहे.

शिरेतल्या झडपांचा उभा छेद पण नाही, ती कमतरता आहेच. तरी पहिल्यांदा ऊती बघणाऱ्याने सेट जरूर घ्यावा. ज्यांना भिंतीची रचना खोलात शिकायचीय त्यांनी ऑर्डर देतानाच लवचिक तंतूंच्या स्टेनची महाधमनी मिळते का विचारून घ्या, आणि ती सुटी मिळत असेल तर सेटसोबतच मागवा.