थंड इंजिन, गरम ट्रान्समिशन : जुने रायडिंग मोअर घेताना झालेली फसवणूक

बसून चालवायचे गवत कापण्याचे यंत्र, म्हणजेच रायडिंग मोअर, जुने घेण्यात वावगे काहीच नाही. नीट सांभाळलेले यंत्र मालक बदलला तरी वर्षानुवर्षे काम देते. खासगी विक्रेत्याकडून असे यंत्र घेताना आमची जी फसवणूक झाली, तिची पद्धत मात्र इतकी विचारपूर्वक बसवलेली होती की ती सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. तो विक्रेता खोटे फारसे बोललाच नाही. यंत्र कोणत्या अवस्थेत आणि किती वेळ दाखवायचे, एवढेच त्याने स्वतःच्या हातात ठेवले आणि सगळी लबाडी त्यातच होती.

जाहिरातीत लिहिले होते की यंत्र वडिलांचे आहे, एकहाती वापरलेले आहे आणि वयोमानामुळे त्यांना आता झेपत नसल्याने विकायचे आहे. फोनवर त्याने येण्याची नेमकी वेळ ठरवून घेतली. आम्ही पोहोचलो तेव्हा यंत्र अंगणात सुरूच होते. "तुमचा खोळंबा नको, म्हणून आधीच चालू करून ठेवलं," असे तो अगदी आपुलकीने म्हणाला. खरे तर त्या एका वाक्यापाशीच व्यवहार थांबवण्यासारखा होता, कारण जुन्या इंजिनाची बहुतेक दुखणी त्याच्या थंड अवस्थेतल्या पहिल्या एक-दोन मिनिटांत उघडी पडतात. कार्बोरेटरमध्ये शिळ्या पेट्रोलचा चिकट थर बसला असेल, तर थंड इंजिन चटकन पेटत नाही आणि काही जण अशा वेळी हवेच्या फिल्टरपाशी चटकन पेट घेणाऱ्या स्प्रेचा फवारा मारून ते कसेबसे जागे करतात. व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल झिरपत असेल, तर पहिल्या क्षणी निळसर धुराचा लोट निघतो आणि मग तो हळूहळू विरतो. आमच्यासमोर आलेले इंजिन हे सगळे पार करून स्थिरावलेले होते.

बंद करून पुन्हा सुरू करून दाखवा, असे म्हटल्यावर त्याने बॅटरी उतरल्याचे कारण पुढे केले. हे कारण इतके साधे आणि पटण्याजोगे असते की पुढचा माणूस गप्प बसतो. प्रत्यक्षात या वर्गातल्या अनेक इंजिनांत सेल्फ मारताना एक व्हॉल्व्ह किंचित उचलून दाब कमी करणारी योजना असते. व्हॉल्व्हमधले अंतर वाढले की ही योजना काम करेनाशी होते, सेल्फ दाबावर अडखळतो, आणि बॅटरी उतरल्यावर जसा आवाज येतो तसाच आवाज येतो. कार्बोरेटरची सुई गळत असेल तर पेट्रोल इंजिनाच्या पोटात उतरते. ऑइलची काडी काढून वास घेतला आणि पातळी खुणेच्या वर दिसली, तर ते लगेच कळते. बॅटरीचा प्रश्न सोडवणे सोपे आहे. चांगल्या अवस्थेतली पूर्ण भारलेली 12 व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना मीटरवर साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. मीटर खिशात असेल किंवा आपलीच भारलेली बॅटरी बरोबर नेली असेल, तर विक्रेत्याच्या शब्दावर विसंबायचे कारण उरत नाही.

आता या युक्तीची दुसरी बाजू, जी मला पहिलीपेक्षा जास्त कसबी वाटते. यंत्र जागेवर उभे ठेवून चालू ठेवले, की इंजिन तापते. पण चाके फिरवणारी हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन भाराखाली न आल्यामुळे फारशी तापत नाही. या ट्रान्समिशनमध्ये गिअर बदलावे लागत नाहीत. एक पंप ऑइल दाबाने ढकलतो आणि त्या दाबावर मोटर फिरते. पंप आणि मोटर झिजलेली असली, तरी ऑइल गार आणि घट्ट असेपर्यंत दाब टिकतो आणि यंत्र तरतरीत पळते. ऑइल तापून पातळ झाले, की ते झिजलेल्या फटींतून आतल्या आतच निसटते आणि दाब तयार होत नाही. विक्रेत्याने आम्हाला सपाट अंगणात, पाती न फिरवता, मनसोक्त चकरा मारू दिल्या. घरी आणून पाती लावून खरे गवत कापायला घेतल्यावर यंत्र हळूहळू मंदावत गेले, मग चढावर थबकले आणि पेडल पूर्ण दाबलेले असूनही मागे सरकू लागले. थोडा वेळ उभे राहून गार झाल्यावर ते पुन्हा नव्यासारखे चालले.

मेकॅनिकने फार वेळ घेतला नाही. घरगुती यंत्रांतल्या हलक्या ट्रान्समिशन बहुधा बंद पेटीसारख्या असतात, अनेकींना ऑइल काढायचे बूचही नसते. त्या उघडून दुरुस्त करणारा माणूस मिळणे कठीण असते आणि नवी बसवायची, तर जुन्या यंत्राच्या किमतीच्या आसपास खर्च जाऊ शकतो. म्हणून एकाच तपासणीत दोन उलट गोष्टींचा आग्रह धरावा लागतो: आपण पोहोचू तेव्हा इंजिन गार असले पाहिजे आणि आपण निघू तेव्हा ट्रान्समिशन गरम झालेली असली पाहिजे. झाकण उघडून सायलेन्सरजवळ तळहात नुसता नेला, तरी ऊब जाणवते. ऊब असेल तर "आम्ही संध्याकाळी पुन्हा येतो, तोवर चालू करू नका," असे नम्रपणे सांगावे. त्यानंतर पाती फिरवत, गवतात आणि शक्य असेल तिथे सौम्य चढावर, निदान अर्धा तास यंत्र चालवावे. प्रामाणिक विक्रेता याला हरकत घेत नाही. शेजारी झोपलेत, पेट्रोल संपत आलेय, दुसरे गिऱ्हाईक दाराशी आलेय, अशी कारणे एकामागून एक निघू लागली की काय ते समजून घ्यावे.

पात्यांवरचे लोखंडी आवरण, ज्याला सगळे डेक म्हणतात, ते तर रंगाने झाकलेले होते. वरून रंग ताजा असणे एक वेळ समजू शकते, पण आमच्या यंत्राचा डेक खालूनही चकचकीत होता, आणि ज्या जागी ओले गवत कायम चिकटून पत्रा गंजतो तिथे रंग सर्वांत जाड होता. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत नेले. चांगल्या पत्र्यावर खणखणीत आवाज येत होता आणि पात्यांच्या बेअरिंगभोवती तो एकदम बद्द झाला. टोक जरासे दाबताच भोके बुजवायला लावलेल्या लांबीचा (पुट्टीचा) पापुद्रा निघाला आणि त्यामागून जाळी झालेला पत्रा दिसू लागला. हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, कारण ज्या पत्र्यावर पात्याचा दांडा बसतो तोच कुजला, तर प्रचंड वेगात फिरणारे पाते डगमगू लागते. खाली वाकून, यंत्र बंद करून आणि प्लगची वायर काढून, बेअरिंगभोवतालचा पत्रा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पैशांचे नुकसान माणूस विसरतो. मला आजही जे सहन होत नाही, ते सीटखाली सापडले. चालक सीटवरून उठला, तर फिरती पाती आणि इंजिन आपोआप थांबावे, यासाठी सीटखाली एक स्विच असतो. आमच्या यंत्रात त्या स्विचचे कनेक्टर काढून दोन टोके उघड्या तारेने जोडून टाकली होती आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती. म्हणजे चालक खाली पडला असता, किंवा एखादे मूल जवळ आले म्हणून घाईने उतरला असता, तरी पाती फिरतच राहिली असती. ती तार विक्रेत्याने जोडली की त्याच्या आधीच्या कोणी, हे मी सांगू शकत नाही. पण सीट उचलून आम्हाला बॅटरी दाखवताना ती त्याच्या डोळ्यांसमोर होती आणि तो तिच्याविषयी एक अक्षरही बोलला नाही. तपासणी अवघड नाही: मोकळ्या जागेत, आसपास कोणी नसताना, यंत्र उभे ठेवून पाती चालू करावीत आणि पाय पायरीवरच ठेवून सीटवरून नुसते अंग उचलावे. इंजिन ताबडतोब बंद पडू लागले नाही, तर त्या यंत्रावर पुन्हा बसू नये.

तास मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा कमी होता, त्याचे मोल तेवढेच. मीटर बदलता येतो, त्याची तार काढून ठेवता येते. पेडलचे रबर गुळगुळीत झालेले असणे, स्टिअरिंग बरेच फिरवल्यावर चाक हलणे, पुढच्या चाकांना बाजूने खेळ असणे, ही झीज मात्र कोणाला मागे फिरवता येत नाही. इंजिनावर कोरलेले क्रमांकही वाचावेत. उदाहरणार्थ, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या इंजिनांवरच्या कोड क्रमांकाचे पहिले दोन आकडे निर्मितीचे वर्ष सांगतात. इंजिन नंतर बदललेले असू शकते, त्यामुळे सांगितलेल्या वयाशी हे वर्ष जुळले नाही तर खुलासा मागावा. यंत्राच्या क्रमांकाची पट्टी खरवडलेली किंवा गायब असेल तर चोरीच्या मालाची शंका घ्यावी आणि तिथून निघावे.

नंतर शोध घेतला, तेव्हा त्याच फोन नंबरावर वेगवेगळ्या यंत्रांच्या जाहिराती सापडल्या. कुठे वडील थकले होते, कुठे घर बदलायचे होते. मोडकी यंत्रे उचलायची, रंगवायची आणि घरगुती मालक बनून विकायची, असा तो धंदाच होता. पहिल्या फोनवर यंत्राचे नाव न घेता "तुमची जाहिरात पाहिली, ते आहे का अजून?" एवढेच विचारावे; समोरून "कोणतं?" असा प्रश्न आला, तर आपण व्यापाऱ्याशी बोलत आहोत. न पाहिलेल्या यंत्रासाठी इसार मागणाऱ्यांना तर उत्तरही देऊ नये.

तक्रारीसाठी फोन केला, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, "तुम्ही स्वतः चालवून बघितलंत, जसं आहे तसं घेतलंत." त्यानंतर त्याने फोन उचललाच नाही. खासगी व्यवहारात दुकानातल्या खरेदीइतके संरक्षण अनेक ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे विक्रेत्याने काय सांगितले होते, हे कागदावर असण्याला फार महत्त्व येते. जाहिरात काढून टाकली जाण्याआधी तिचे छायाचित्र काढून ठेवावे. पावतीवर विक्रेत्याचे पूर्ण नाव, पत्ता, यंत्राचा आणि इंजिनाचा क्रमांक लिहून घ्यावा. शिवाय "ट्रान्समिशनमध्ये माहीत असलेला दोष नाही, सुरक्षेचे सर्व स्विच चालू आहेत, यंत्रावर कर्ज नाही" ही विधाने त्याच्या सहीसह घ्यावीत. ज्याला या तीन ओळींखाली सही करायची नसेल, त्याच्या हातात पैसे ठेवू नयेत.