बोल्गाची टोपली, अकरा महिन्यांनंतर

घानाच्या राजधानीहून, आक्राहून, परतताना ही टोपली बॅगेच्या तळाशी, साड्यांखाली चेपून आणली. रत्नागिरीला उघडली तर टोपली कसली, तुडवलेलं पायपुसणंच! विणणाऱ्या बाईंनी खुणा करून सांगितलं होतं तसं केलं: बादलीत पाच मिनिटं बुडवली, आतून मुठीने दाबत गोल केली, सावलीत ठेवली. संध्याकाळपर्यंत पठ्ठी पुन्हा ताठ. लाल रंग मात्र सुटला आणि माझा पांढरा पंचा कायमचा गुलाबी झाला.

बोल्गा म्हणजे बोल्गातांगा, घानाच्या पार उत्तरेला. आक्राहून कुमासी, तमाले करत आठशेच्या आसपास किलोमीटर. तिथून बुर्किना फासोची हद्द जवळच. बाजार दर तीन दिवसांनी भरतो. आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा हरमॅटन सुरू होता. हा सहाराकडून येणारा कोरडा, धुळीचा वारा. बोलायला तोंड उघडलं की ओठ फुटायचे. पावसाळा एकच, त्यात बायका ज्वारी-बाजरी, भुईमुगाच्या शेतात. विणकामाला खरा वेळ मिळतो तो कोरड्या महिन्यांत.

झाडाखाली तिथल्या फ्राफ्रा समाजाच्या सात-आठ बायका विणत होत्या. त्यातल्या एकीसमोर मी तासभर बसले. गवताच्या काडीचं टोक दातात धरायचं, काडी उभी चिरायची, मग प्रत्येक अर्ध्या भागाला वळून पीळ द्यायचा. टोपलीची सगळी ताकद या पिळात. रंगीत हवी तर काड्या उकळत्या रंगात घालायच्या. मध्यम टोपलीला दोन-तीन दिवस जातात. मुठीला चामडं चढवण्याचं काम बहुधा पुरुषांकडे. आणि गवत? मला वाटलं होतं, मागच्या माळावरचं असेल. बरंचसं दक्षिणेकडून ट्रकने येतं, ते बायकांना विकत घ्यावं लागतं. हे कळल्यावर घासाघीस करायला जीभ रेटेना. (तरी थोडी केलीच. सवय.)

आता वापराचं. आठवड्याची भाजी, वर दोन नारळ, असं पाच-सहा किलो वजन ती दर शनिवारी उचलते. वीण एकदाही उसवलेली नाही. बुडाशी कांद्याची माती बसते, ती जुन्या टूथब्रशने निघते. सुरुवातीला चामड्याला वास होता, गोठ्यातल्यासारखा. तो जायला दोन महिने लागले. मुठीला खोबरेल चोळायचा शहाणपणा मी केला, तुम्ही करू नका. काळी पडली.

खरी परीक्षा आमच्या पावसात झाली. जुलैत न्हाणीच्या दारामागे टांगून विसरले, आठवड्याने पाहिलं तर आतून हिरवट बुरशी. पाण्यात बुडवलेली चालते, दमट कोंडलेली चालत नाही. लिंबू-मिठाने पुसून, पंख्याखाली दोन दिवस ठेवून वाचवली. एका बाजूला डाग राहिलाच. तेव्हापासून ती माळ्यावर, गॅसच्या उबेला. बाईंच्या लेकीने मुठीला कागदी मण्यांची माळ बांधून दिली होती. मासिकाच्या पानाची लांब तिकोनी पट्टी गुंडाळून, वर वॉर्निश लावलेले मणी. ते ऑगस्टपर्यंत फुगले आणि एकेक करून उलगडले. एकावर एका जाहिरातीतलं अर्धं हसू निघालं. तेवढा ठेवलाय.

गणपतीच्या आधी बुरूडआळीत सूप घ्यायला गेले, हीच टोपली घेऊन. तिथल्या काकींनी कामट्या बाजूला सारल्या, टोपली उलटी करून बुडावरून अंगठा फिरवला. रंगाकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "हिने सुरवात खंयसून केल्यान गो? जोड दिसत नाय." मला सांगता येईना. मी जाऊन बसले तेव्हा बूड आधीच विणून झालेलं होतं.