गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमध्ये फिश फाइंडर: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये चालणाऱ्या आमच्या फायबरच्या डोंग्यावर पाच इंची पडद्याचा फिश फाइंडर (ध्वनिलहरींच्या साह्याने पाण्याखालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारे यंत्र) बसवून आठ महिने झाले. पाण्याखाली गेलेल्या शिवारातील झाडांचे खुंट जाळी फाडतात. त्यामुळे माशांपेक्षा तळ दिसावा यासाठीच हे यंत्र घेतले होते आणि त्या कामात पैसे वसूल झाले आहेत.

पहिले दोन महिने मात्र वैतागाचे गेले. डोंगा हळू चालवणारी विजेवरची ट्रोलिंग मोटर सुरू केली की पडद्यावर वरपासून खालपर्यंत ठिपक्यांचा पाऊस पडे आणि खोलीचा आकडा भलताच येई. विक्रेत्याने ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा भाग, बदलायला सांगितले. यंत्रातला नॉइज फिल्टर (नको असलेले संकेत गाळण्याची सोय) वाढवून पाहिला, तेव्हा ठिपके गेले, पण त्यांच्याबरोबर लहान मासळीही दिसेनाशी झाली.

उलगडा झाला तो योगायोगाने. मोटर मध्यम वेगावर असताना गोंधळ सर्वाधिक असे आणि पूर्ण वेगावर नेली की पडदा जवळजवळ स्वच्छ होई. आमच्या मोटरचा वेग कमी करण्यासाठी आतले सर्किट बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडते व जोडते, आणि पूर्ण वेगावर ही तोडजोड थांबते. म्हणजे पडद्यावरचा गोंधळ या तोडजोडीचा होता, ट्रान्सड्यूसर ठणठणीत होता. चूक मोटर आणि फिश फाइंडर एकाच बॅटरीवर जोडणाऱ्या माझीच होती.

फिश फाइंडरला १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची वेगळी बॅटरी दिली आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह तारा कुठेही एकत्र येऊ दिल्या नाहीत. ट्रान्सड्यूसरची केबल मोटरच्या जाड वायरींना खेटून गेली होती, ती काढून डोंग्याच्या दुसऱ्या कडेने नेली. उरलेली केबल कापायची नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. पडद्याच्या वीजवायरीवर फेराइटचा मणी (वायरीतला विद्युत गोंधळ शोषणारे चुंबकीय कडे) चढवला, त्याने थोडाच फरक पडला.

तरीही रात्री बारीक रेघा येतच राहिल्या. घरचा जुना मध्यम लहरींचा रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या जागी लावून एकेका वायरीजवळ धरला, तेव्हा स्वस्तातल्या एलईडी दिव्यापाशी तो करकरू लागला. दिवा बदलताच रेघा थांबल्या. मोबाईलचा चार्जर लावला की एक रेघ अजूनही उमटते, म्हणून फोन आता घरूनच भरून नेतो.