दोन शोषखड्डे की सेप्टिक टँक?

शौचालय बांधायला स्वच्छ भारत मिशनचे १२,००० रुपये पात्र कुटुंबाला मिळतात, पण बांधायचं काय, यावर कोकणातल्या वाड्यांत घोळ होतो.

खर्चात दोन खड्डे स्वस्त. एक भरला की चेंबरमधून प्रवाह दुसऱ्यात वळवायचा; बंद खड्ड्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं. टँकचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो, आणि पाखाडीवरून, म्हणजे पायऱ्यांच्या अरुंद वाटेवरून, उपसणारी गाडी येत नाही.

खरी काळजी विहिरीची. जांभ्याच्या भेगांतून मैलापाणी लांबवर जातं. १० मीटर अंतरही अपुरं पडू शकतं. टँकचं सांडपाणीसुद्धा शेवटी शोषखड्ड्यातच मुरतं, हे लोक विसरतात.

विहीर चढाच्या अंगाला आणि दूर असेल तर दोन खड्डे घ्या. खाडीकाठी, पावसाळ्यात पाणी वर येतं तिथे, गाडीची वाट असल्यास जलरोधक टँक आणि उंच भरावावरचा शोषखड्डा.