ओफिओलाइटची सात दगडांची पेटी: दगड उत्तम, लेबलांवर भरवसा ठेवू नका

मी अंबाजोगाईत अकरावी-बारावीला भूशास्त्र शिकवते. आमच्याकडे विहीर खोदा नाहीतर बोअर घ्या, मुरमाखाली काळा पाषाणच लागतो. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे घेतलेल्या बोअरमध्ये तब्बल 338 मीटर बेसाल्टच निघाला. अशा मुलखातल्या पोरांना समुद्राचा तळ हातात कसा द्यायचा? ओफिओलाइट म्हणजे जमिनीवर ढकलला गेलेला समुद्रतळाचा तुकडा, म्हणून त्याच्या दगडांची ही पेटी ऑनलाइन मागवली, 3,200 रुपयांना.

दगडांबद्दल तक्रार नाही. पेरिडोटाइट, सर्पेंटाइन, क्रोमाइट, गॅब्रो, डाइक, पिलो लाव्हा आणि लाल चर्ट. सर्पेंटाइनवर बोट फिरवलं की ओल्या साबणावर फिरवल्यासारखं वाटतं. सापाच्या कातडीसारखा हिरवा रंग पाहिला की फ्रेंच भूवैज्ञानिक ब्राँन्यारने 1813 मध्ये ग्रीकमधल्या सापावरून ‘ओफिओलाइट’ हे नाव का काढलं ते सांगावं लागत नाही.

सगळ्यात मोलाचा आहे तो तळहाताएवढा डाइक. त्याच्या एका कडेला भिंगातूनही कण दिसत नाहीत, दुसरीकडे ते नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. वितळलेला खडक भेगेत शिरला, थंड भिंतीला टेकलेली कड झटकन गोठली. तळ पुन्हा फाकला आणि नवी भेग नेमकी याच डाइकच्या मधून गेली; अर्धा इकडे राहिला, अर्धा तिकडे. म्हणून गोठलेली कड एकच. हे सांगितल्यावर वर्गातल्या एकीने तो दगड तास संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

आता पेटीसोबत आलेला तक्ता. त्यात सगळे ओफिओलाइट महासागराच्या मधल्या पर्वतरांगेत जन्मले असं छापलंय. जपानी भूवैज्ञानिक अकिहो मियाशिरोंनी 1973 मध्येच सायप्रसच्या ट्रूडोसमधल्या लाव्हाचं रसायन पाहून तिथला ओफिओलाइट द्वीपचापात, म्हणजे ज्वालामुखी बेटांच्या कमानीत, तयार झाला असावा असं मांडलं होतं. त्यावर खूप वाद झाला, पण आज बरेच ओफिओलाइट खाली सरकणाऱ्या प्लेटच्या वरचे मानतात. ती प्लेट पाणी सोडते, त्या पाण्याने वरचं प्रावरण कमी तापमानाला वितळतं, आणि अशा लाव्हात टायटॅनियम, निओबियम कमी भरतं. तक्त्यात याची एक ओळही नसावी, हे मला पटलं नाही.

त्याहून वाईट म्हणजे वय. सातही लेबलांवर ‘9 कोटी वर्षे’, आणि ठिकाण एकावरही नाही. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाले, दगड वेगवेगळ्या देशांतले आहेत. मग वय एकच कसं? अंदमानच्या ओफिओलाइटचं वय साधारण 9.5 कोटी वर्षं आहे, ते तिथल्या प्लॅजिओग्रॅनाइटमधल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांत युरेनियमचं किती शिसं झालं हे मोजून काढलंय. तो पांढरट दगड या पेटीत नाहीच. शिवाय झिरकॉन सांगतो कवच कधी तयार झालं. ते कधी ढकललं गेलं याचा अंदाज तळाशी भाजून निघालेल्या अँफिबोलाइटवरून येतो, आणि चर्टमधल्या रेडिओलेरिया या सूक्ष्म समुद्री जीवांच्या अवशेषांवरून वर गाळ कधी बसला ते कळतं. एकाच ओफिओलाइटमध्ये तीन तारखा असतात, लेबलावर मात्र एक.

मी लेबलं काढून दगडांवर पांढऱ्या रंगाने आकडे घातले आणि तक्ता घरी ठेवला. शिक्षकांनी घ्यायला हरकत नाही, स्वतः शिकणाऱ्याने मात्र थांबावं. प्रत्येक दगडाचं ठिकाण लिहून दिलं तर मी आणखी दोन पेट्या घेईन, तसं विक्रेत्याला कळवलंय.